विमान थोडं मळू द्या!

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. एखादं यंत्र आपल्याला आवडतं, तेव्हा नक्की काय आवडतं? कॅटलॉगमधला चकचकीत फोटो, की रोज घासून, तापून, गळून, परत दुरुस्त होऊन उभं राहिलेलं ते खरं यंत्र? मला विचाराल तर दुसरं. आणि हा लेख त्याच बाजूनं आहे.

विषय तसा छोटा आहे. अगदी मोजून सांगायचं तर दहा सेंटिमीटरचा! मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार साधारण ७.१५ मीटर. त्याला ७२ नं भागा. ९.९ सेंटिमीटर येतात. म्हणजे १/७२ प्रमाणातलं मिग-२१ आपल्या मेसच्या ताटात आरामात बसतं. असं एक मिग गेल्या सेमिस्टरमध्ये मी हॉस्टेलवर जोडलं आणि रंगवलं. मेकॅनिकलची मुलगी, वय वर्षे वीस, आणि प्लॅस्टिकचं विमान घेऊन बसलीय, यावर विंगमध्ये जी काही चर्चा झाली तिचे दोन भाग पडतात. पहिला भाग, "अगं, खेळणी खेळायचं वय आहे का हे?" दुसरा भाग जास्त टोचणारा. "मिग-२१? ती फ्लाइंग कॉफिन ना? कशाला बनवतेस?"

दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचंय. पण त्याआधी, हेच विमान का?

मी नाशिकची. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे नर्सरी ऱ्हाइम्स पाठ आणि पाढे इंग्रजीत. घरात मात्र आजोबा. आजोबा १९७४ साली ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कानस, लांबी, गेज, रिव्हेट हे शब्द मी शाळेत नाही, त्यांच्याकडून शिकले. आमच्याकडे 'एचएएल' असं फारसं कुणी म्हणत नाही, 'मिगची फॅक्टरी' म्हणतात. ती मिगसाठीच उभी राहिली म्हणून. १९६० च्या दशकात सोव्हिएत संघाकडून मिग-२१ बनवण्याचा परवाना मिळाला तेव्हा काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. भारतात अशी सहाशेहून जास्त मिग-२१ तयार झाली. आधी एफएल, मग एम, मग बिस. आजोबांच्या हाताखालून गेली ती शेवटची दोन मॉडेलं.

हवाई दलात हे विमान १९६३ साली आलं, ते आपलं पहिलं स्वनातीत लढाऊ विमान. म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगाचं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट्स डागली गेली, ती मिग-२१ मधून. २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान ज्यात होते ते मिग-२१ बायसन. फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरला अवनी चतुर्वेदी एकट्यानं लढाऊ विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, तेही मिग-२१ बायसनच. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये या विमानाला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं! त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमधल्या नव्या लाइनवरून पहिलं तेजस मार्क १ए उडालं. टीव्हीवर सगळे तेजस बघत होते. आजोबा मागच्या शेड्स बघत होते.

असो. आता पहिला प्रश्न, खेळणं.

कीट म्हणजे एका खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले सत्तर-ऐंशी भाग, एक डिकलचा कागद आणि चित्रांची माहितीपत्रिका. कटरनं भाग सोडवायचे, कानशीनं घासायचे, चिकटवायचे, फटी लांबीनं भरायच्या, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर, रंग, डिकल, वार्निश. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्याच संध्याकाळी इंजिनिअरिंग मेकॅनिक्स समोर येऊन उभं राहतं! मिग-२१ तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली, दोन पंखांखाली. खऱ्या विमानात वजनाचा मेळ बसवलेला असतो. प्लॅस्टिकच्या पोकळ नळीत तो नसतो, आणि विमान शेपटीवर बसतं. उपाय काय, तर नाकात वजन. किती? हे फर्स्ट इयरचं गणित आहे. मुख्य चाकांच्या मागे तीन सेंटिमीटरवर दहा ग्रॅमचा भार असेल, तर पुढे सहा सेंटिमीटरवर पाच ग्रॅम ठेवल्यावर तोल सांभाळला जातो, आणि थोडं जास्त ठेवलं की नाकाचं चाक जमिनीला टेकतं. मी सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकले. पण हे विमान बंद करण्याआधी करायचं! एकदा दोन अर्धुकं चिकटली की नाकात काही जात नाही. मोमेंटच्या प्रकरणावर दोन टेस्ट दिल्यात मी. "आधी विचार, मग फेव्हिक्विक" हे कुठल्याही टेस्टनं शिकवलं नव्हतं.

नंतर येतं प्रमाण. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. हे माप १९३० च्या दशकापासून चालत आलंय, आणि दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची मॉडेलं वापरली गेली. तेव्हा ते काही कुणाला खेळणं वाटलं नसणार. या मापात माझ्या उंचीची मुलगी सव्वादोन सेंटिमीटरची होते. केसाची जाडी, धरा ०.०७ मिलिमीटर, खऱ्या विमानावर पाच मिलिमीटर होते. ब्रशचा एक केस रंगात अडकला तर विमानावर जाडजूड दोरखंड पडल्यासारखा दिसतो! पत्र्यांच्या जोडाच्या ज्या रेषा मॉडेलवर कोरलेल्या असतात त्या समजा ०.२ मिलिमीटरच्या आहेत. गुणा ७२ नं. चौदा मिलिमीटर. एवढी फट खऱ्या विमानाला असती तर इन्स्पेक्टरनं ते शेडबाहेर सोडलं असतं का?

हे गणित मी आजोबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि माझे रिव्हेट कुठायत?" चार मिलिमीटरचं डोकं भागिले ७२. केसापेक्षा बारीक. त्यातून विमानाचे रिव्हेट पत्र्याशी सपाट बसवलेले, हवेला अडायला नकोत म्हणून. म्हणजे मॉडेलवर ते दिसायलाच नकोत. "आजोबा, तुमचं काम बरोबर झालंय म्हणून ते दिसत नाही," असं मी म्हणाले. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "पोरी, हे बरं बोललीस."

मॉडेल बनवणं म्हणजे हेच ठरवणं असतं. काय दिसायला हवं आणि काय नको. ड्रॉइंग वाचणं, सहनशीलता म्हणजे टॉलरन्स ओळखणं, क्रम लावणं. याला कुणी खेळणं म्हणत असेल तर खुशाल म्हणो. आपल्या वर्कशॉपच्या जॉबपेक्षा मला यात जास्त कळलं, हे मी वर्कशॉपच्या सरांची क्षमा मागून सांगते.

आता रंग. इथे खरा वाद आहे.

रंगवणाऱ्यांचे दोन पंथ असतात. एक पंथ म्हणतो, विमान स्वच्छ, नवंकोरं, शोरूममधून आल्यासारखं हवं. आपल्या हवाई दलाचं विमान आहे, ते कळकट दाखवणं म्हणजे अपमान. दुसरा पंथ विमान इतकं मळवतो, की ते चार वर्षं शेतात पडून होतं असं वाटावं. तेलाचे ओघळ, गंज, खरवडलेला रंग, सगळं एकावर एक. (अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा पत्रा लोखंडासारखा तांबडा गंजत नाही, हे मेटलर्जीवाल्यांनी या पंथाला एकदा समजावून सांगावं.)

माझं मत असं आहे की विमान मळलेलंच हवं. पण प्रत्येक डागाला कारण हवं. कारण सांगता येत नसेल तर तो डाग काढायचा नाही. आपल्याकडे व्हायवाला जसं "हे इथे का?" विचारतात, तसं प्रत्येक ओघळाला विचारायचं.

उदाहरणं देते. पंखांच्या मुळाशी रंग घासलेला असतो. का? कारण तिथून माणसं चढतात, उभी राहतात, झुकून झाकणं उघडतात. पोटाखाली डाग जास्त आणि पाठीवर कमी असतात. का? कारण तेल खाली गळतं, आणि उड्डाणात हवा ते मागे ओढत नेते. म्हणून ओघळ नेहमी मागच्या दिशेनं. बिसच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची दुनळी तोफ असते, तिच्या तोंडाजवळ काजळी हवी. शेपटाकडचा इंजिनाच्या तोंडाचा धातू तापून रंग बदलतो, गवती पिवळा, मग जांभळट, मग निळा. हे रंग कुणी लावलेले नसतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर जसा जाड होतो तसे ते दिसतात, टेंपरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण हेच बघतो. नाकातला तो टोकदार शंकू धातूचा नसतो, कारण आत रडार आहे आणि धातूतून त्याच्या लहरी बाहेर जाणार नाहीत. म्हणून त्याची झळाळी पत्र्यासारखी दाखवायची नाही. आणि कॉकपिट आतून हिरवट निळा. सोव्हिएत विमानांचा तो ठरलेला रंग. मी तीन वेळा रंग मिसळला. शेवटी आजोबांनी सांगितलं, "सरकारी दवाखान्याची भिंत आठव." पहिल्या झटक्यात जमला!

हे सगळं हॉस्टेलवर होतं बरं का. एअरब्रश, कॉम्प्रेसर वगैरे नाही. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग, झीरो नंबरचा ब्रश, मास्किंग टेप. थिनर लागलाच तर गच्चीवर, कारण एकदा रूममेटच्या डोक्यात कळ गेली आणि ती तिच्या जागी बरोबर होती. रंग ओला असताना धूळ बसू नये म्हणून विमानावर आंघोळीची बादली पालथी घालायची. काजळीसाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड. ओघळासाठी पातळ केलेला तेलरंग, आणि तो पुसायला कापसाचे बड्स. अख्ख्या डागदुजीचा खर्च एका पिक्चरच्या तिकिटापेक्षा कमी.

आता दुसरा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण तो नुसता टोमणा नाही.

२०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेला आकडा असा आहे: तोपर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात, त्यात १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी. सगळे मिग-२१ चे नव्हेत, पण आकडा वाचल्यावर हा खुलासा करायला जीभ रेटत नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर अनेक वर्षं उत्तरं मागितली. २००६ साली 'रंग दे बसंती' आला, तेव्हापासून आपल्या पिढीच्या डोक्यात मिग म्हणजे तेच. मग अशा विमानाचं मॉडेल करून टेबलावर मांडायचं?

मी म्हणते, मांडायचं. पण कसं, हे महत्त्वाचं.

'फ्लाइंग कॉफिन' हा शब्द मला पटत नाही. आजोबांना दुखावतो म्हणून नाही (दुखावतो, ते खरंच), तर तो शब्द उच्चारला की चौकशी थांबते म्हणून. शवपेटी म्हटल्यावर पुढे काय विचारणार? इंजिनिअरनं विचारायला हवं ते असं. पंख इतके लहान आणि पातळ का? वेगासाठी. मग त्याची किंमत काय? धावपट्टीकडे येतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो, विचार करायला वेळ कमी. इंजिन किती? एक. ते बंद पडलं तर दुसरं नाही. असं विमान उडवायला नवीन मुलगा कुठून येत होता? हळू वेगाच्या ट्रेनरवरून थेट. मधल्या पायरीसाठी, म्हणजे प्रगत जेट ट्रेनरसाठी मागणी १९८० च्या दशकातच झाली होती. हॉक ट्रेनर हवाई दलात दाखल झालं २००८ मध्ये. आणि जी विमानं कधीच निवृत्त व्हायला हवी होती, ती त्यांच्या जागी येणारं विमान लांबत गेल्यानं उडत राहिली. यातलं किती विमानाच्या माथी मारायचं आणि किती निर्णय घेणाऱ्यांच्या? एका शब्दात याचं उत्तर नाही. आणि एका शब्दात उत्तर मिळालं की निर्णय घेणारे सुटतात.

पण उलट बाजूही मला तितकीच खटकते. निरोपाच्या वेळी सगळीकडे पोस्टर. सूर्यास्त, धूर, सॅल्यूट, लिजंड! त्या पोस्टरवरचं विमान बघा. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. म्हणजे ज्यानं रात्री दोन वाजता टॉर्च धरून त्याचं झाकण उघडलं तो पुसला गेला. ज्याच्या बुटानं पंखावरचा रंग उडाला तो वैमानिकही पुसला गेला. शवपेटीच्या काळ्या रंगात माणूस दिसत नाही, तसा पोस्टरच्या चकचकीत वार्निशमध्येही दिसत नाही.

आजोबांना त्यांच्या हातून गेलेल्या एकाही विमानाचा नंबर पाठ नाही. एका विमानावर शेकडो हात लागतात, ते तुझं-माझं नसतं, असं ते म्हणतात. त्यामुळे पेपरात अपघाताची बातमी आली की ते पडलेलं विमान त्यांच्या शेडमधून गेलेलं होतं की नव्हतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. आजी सांगते, त्या दिवशी ते जेवायला बसायचे, पण काही बोलायचे नाहीत. घरात विमानाचा एकही फोटो नाही. निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ आहे, तेवढंच. अभिमान आणि ती धास्ती, दोन्ही एकाच माणसात छत्तीस वर्षं शेजारी शेजारी राहिली. हे दाखवणारं विमान कुठल्या रंगात रंगवायचं? चकाचक रंगात नक्कीच नाही. म्हणून मी ते वापरातलं रंगवलं. सेवेच्या मधल्या वर्षांतलं, पुसलेलं पण घासलेलं, नीट राखलेलं पण दमलेलं.

रूममेटला हे सगळं पटलं असं नाही. तिचं म्हणणं, "तू डागांना कारणं देतेस, पण गेलेल्या मुलांचं काय? त्यांचा डाग कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. मात्र असा प्रश्न चकचकीत मॉडेलसमोर उभं राहून तिला सुचला असता का, याची मला शंका आहे.

तेव्हा काही मागण्या. पहिली, प्राध्यापकांकडे. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक टेबल, एक एक्झॉस्ट फॅन आणि जुना कॉम्प्रेसर एवढं द्या. टेक्निकल फेस्टला रोबोट लढवतो तसा एक दिवस मॉडेलांचा ठेवू. नियम एकच, मॉडेलवरच्या प्रत्येक खुणेचं कारण सांगता आलं पाहिजे. दुसरी, तुमच्याकडे. विमानच करा असं नाही. तुमच्या गावचं काहीतरी करा. साखर कारखान्याचा गाळप विभाग, एसटीची जुनी लाल बस, कोयनेचं टर्बाइन, मुंबईची लोकल. आणि करण्याआधी त्यावर काम केलेल्या माणसाला शोधा. त्याला विचारा, हात कुठे लागायचा? गळायचं कुठून? रंग सगळ्यात आधी कुठे उडायचा? इंटरनेटवर पुढून-मागून सगळे फोटो मिळतील, हे मिळणार नाही. ही माणसं सत्तरीच्या पुढे गेलीत. घाई करा.

आणि हो, पटलं नसेल तर लेडीज हॉस्टेलच्या व्हिजिटर रूममध्ये रविवारी चार ते सहा वाद घालायला या. विमान घेऊन खाली येईन. येताना कापसाचे बड्स मात्र आणा, माझे संपलेत!